किनारा सपाट नसतो: दोन दिवसांच्या ग्रॅव्हल फेरीबद्दल

तुमचा आराखडा वाचला. ग्रॅव्हल सायकलवर, म्हणजे कच्च्या आणि खडीच्या वाटांसाठीच्या सायकलवर, १३० किमीची गोल फेरी, दोन दिवस. पहिल्या दिवशी किनाऱ्याने ८० किमी, 'कारण तो भाग सपाट आहे', आणि दुसऱ्या दिवशी डोंगरातून ५० किमी परत. एकूण चढ १९०० मीटर, टायर ४० मिमीचे. रोड सायकलवर १०० किमी चार तासांत होतात, मग हे जमेल का, असं विचारलंय. जमेल. पण तुमची दमछाक तुम्हाला वाटतेय त्या दिवशी होणार नाही. डोंगराची धास्ती घेतलीत आणि किनाऱ्याला गृहीत धरलंत. पहिल्यांदा जाणारे बहुतेक जण हेच करतात. मीही केलं होतं.

समुद्रालगतची वाट नकाशावर सरळ दिसते, पण प्रत्येक ओढा समुद्राला मिळताना कडा कापत खाली येतो. वाट कड्यावरून चालते, ओढा आला की तळाला उतरते, साकव ओलांडून पुन्हा तेवढीच वर. पन्नास मीटरचे असे चौदा खळगे म्हणजे ७०० मीटर चढ झाला. हाच ७०० मीटर चढ डोंगरात ६ टक्क्यांच्या एका घाटात मिळाला तर तो पावणेबारा किमी चालतो. तिथे श्वासाची आणि पायांची लय लागते, तास-सव्वा तासात माणूस माथ्यावर असतो. किनाऱ्यावरचे चढ छोटे, पण १२ ते १५ टक्क्यांचे, खाली सुटी खडी, आणि तळाशी वळण असल्यामुळे उताराचा वेग पुढच्या चढाला कामी येत नाही. चौदा वेळा शून्यातून सुरुवात! इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलचं सर्वात उंच ठिकाण जेमतेम ४२० मीटर आहे, पण तिथल्या किनाऱ्याने सायकल चालवून आलेल्या कुणालाही 'सपाट होतं का' विचारून बघा.

शिवाय चढाच्या आकड्यावर फार विसंबू नका. समोच्च रेषा २० मीटरच्या अंतराने काढलेल्या असतील तर १५ मीटरचा खळगा त्यांत कदाचित दिसणारच नाही. उलट वाट कड्याच्या अगदी काठाने जात असेल तर ॲप कधी कड्याची उंची धरतं, कधी खालच्या पाण्याची, आणि नसलेला चढ दाखवतं. त्यापेक्षा नकाशावर वाटेची रेघ मोठी करून ओढे मोजा. मी आजही कागदावर मोजतो.

आता पुळणीबद्दल. तुमच्या रेघेत ८ किमी वाळू आहे. माझ्या पहिल्या किनारी फेरीत तीनच किमी होती, आणि ओहोटी आहे एवढं बघून मी आत शिरलो. पाणी केव्हाच वळलं होतं हे मात्र पाहिलं नव्हतं. फेसाच्या रेषेपाशी वाळू ओली, घट्ट होती, चाक सुरेख धावत होतं. अर्ध्या वाटेवर ती घट्ट पट्टी माझ्या डोळ्यांदेखत अरुंद होत गेली आणि लाटांनी मला वरच्या कोरड्या वाळूत ढकललं. तिथे पुढचं चाक रिमपर्यंत रुतायचं. उरलेलं अंतर सायकल ढकलत काढायला सव्वा तास लागला. बुटांत वाळू, चेनवर वाळू, आणि प्रत्येक पावलाला 'खर्र' असा आवाज. पुढचा आठवडाभर तो आवाज कानात होता.

बहुतेक किनाऱ्यांवर एका भरतीपासून दुसरीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून कालची वेळ आज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. पाणी एकसारखं चढत नाही. सहा तासांपैकी मधल्या दोन तासांतच जवळपास निम्मी भरती येऊन जाते, मी नेमका तिथे सापडलो होतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात वाळू भरपूर उघडी पडते, पण पाणी परतही तेवढ्याच घाईने येतं. म्हणून ओहोटीच्या वेळेआधी दीड तास आत शिरायचं आणि ओहोटीला पलीकडे असायचं. तुमच्या बाबतीत मी ही ८ किमी सरळ काढून टाकेन, आतल्या बाजूने समांतर कच्चा रस्ता असेल तर तो धरेन. वाळूत सायकल नेल्याचा फोटो छान येतो, बाकी त्यात काही नाही. कासवांच्या किंवा पक्ष्यांच्या विणीचा काळ असेल तर तिथे चाक न्यायचंच नाही.

वाऱ्याचं गणित शाळेच्या भूगोलातलंच आहे: दिवसा खारे वारे, रात्री मतलई वारे. जमीन तापली की उशिरा सकाळी समुद्राकडून वारा सुटतो आणि दुपारी जोर धरतो. किनाऱ्याने जाताना तो कुशीतून ढकलत राहतो, कड्यावर तर नकोसा होतो. पण तुम्ही आत डोंगराकडे वळलात की तोच पाठीशी येतो. म्हणून किनारा सकाळी, चढ दुपारी. एक मेख आहे. पाठीशी वारा असताना चढावर अंगाला वारा लागत नाही, घाम वाळत नाही, आणि पाणी जास्त लागतं. एका बाटलीने भागणार नाही.

हे सगळं धरून फेरी अशी करा: पहिल्या दिवशी ६० किमी, मुक्काम किनाऱ्यावरच. दुसऱ्या दिवशी उजाडताच उरलेले किनाऱ्याचे २० किमी, अकराच्या आत आत वळायचं, मग डोंगराचे ५०. रोडवरचा ताशी २५ चा वेग विसरा. किनाऱ्यावर १२-१३ धरा, म्हणजे पहिला दिवसच जवळपास पाच तास चाकावर आणि वर थांबे. दुसऱ्या दिवशी ७० किमी जड वाटले तर डोंगरातला एखादा फाटा गाळता येतो. किनाऱ्यावर तशी सोय क्वचितच असते, एका बाजूला पाणीच असतं.

वाट सायकलींना खुली आहे का हेही बघून घ्या. नकाशावर समुद्रालगत दिसणारी ठळक रेघ बऱ्याचदा फक्त पायी जाणाऱ्यांसाठी असते. इंग्लंडचा साउथ वेस्ट कोस्ट पाथ हजार किमीहून लांब आहे, पण बहुतांश पायवाटच. तिथे सायकलला हक्क मिळतो तो ब्रायडलवेवर, म्हणजे घोड्यांसाठीच्या वाटेवर, १९६८ च्या कायद्याने, आणि तोही चालणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना आधी वाट देऊन. स्ट्राव्हा या ॲपच्या हीटमॅपवर, म्हणजे लोक कुठून जास्त गेले ते दाखवणाऱ्या नकाशावर, रेघ गडद दिसली तर सायकलचा फिल्टर लावून पुन्हा पाहा, धावणाऱ्यांनीच ती गडद केलेली असू शकते. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या नकाशावर कच्च्या रस्त्याला ग्रेड १ ते ५ अशी प्रत असते. ३ पर्यंत निर्धास्त जा. ४ पावसानंतर टाळा. ५ म्हणजे शेतातल्या गवतात दोन चाकोऱ्या दिसल्या तर नशीब.

डोंगरात चढताना बसून चढा. उभं राहिलात की मागच्या चाकावरचा भार जातो आणि ते घसाऱ्यावर जागच्या जागी फिरतं. त्यासाठी गियर हलका हवा: पुढच्या सर्वात लहान चकतीचे दात मागच्या सर्वात मोठीइतके किंवा त्याहून कमी. रोडचा ३४-२८ या वाटेला पुरणार नाही. उतारावर ब्रेक वळणाआधी, वळणात नाही. सुटी खडी वळणाच्या बाहेरच्या कडेला साठते आणि वेग जास्त झाला की आपण नेमके तिकडेच ओढले जातो.

४० चे टायर पुरतील, ट्यूबलेस मात्र करून घ्या. ७५ किलोच्या आसपास वजन असेल तर मागे ३५, पुढे ३२ पीएसआयने सुरुवात करा आणि हात झिणझिणले तर दोन-दोनने उतरवा. सीलंट (पंक्चर आतून बुजवणारा द्रव) असलं तरी एक ट्यूब बरोबर हवीच, टायरची बाजू फाटली तर सीलंट हात टेकतं.

आणि घरी आल्यावर आंघोळीआधी सायकल. गोड्या पाण्याची हलकी धार सोडा, प्रेशर वॉशर नको, तो खारं पाणी बेअरिंगच्या आत ढकलतो. पुसा, चेन वाळू द्या, मग तेल. मी त्या पहिल्या फेरीनंतर 'उद्या धुऊ' म्हणून झोपलो. तो उद्या चार दिवसांनी उजाडला, तोवर चेनच्या कड्या तांबूस होऊन अडकल्या होत्या आणि बॉटम ब्रॅकेट (पेडल ज्यावर फिरतात ते बेअरिंग) दळणाच्या जात्यासारखा घरघरत होता. दोन्ही बदलावे लागले.

ओढे मोजून झाले की आकडा इथे टाका. वीसच्या वर गेला तर पहिला दिवस ६० वरून ५० वर आणू.