निरोगी माणसाने कॅल्शियमच्या गोळ्या घ्याव्यात का?

नाही, जेवणातून पुरेसं कॅल्शियम मिळत असेल तर गोळ्यांची गरज नाही. प्रौढांना दिवसाला साधारण १००० मिलिग्रॅम लागतं. कपभर दुधातून जवळपास ३०० मिळतं. पण शरीर त्यातलं किती शोषतं हे जास्त महत्त्वाचं. दुधातलं सुमारे ३० टक्के शोषलं जातं, पालकातलं जेमतेम ५, कारण त्यातलं ऑक्झलेट नावाचं द्रव्य कॅल्शियमला बांधून ठेवतं. ड जीवनसत्त्व कमी असलं की शोषण घटतं, आणि जास्त मिठामुळे कॅल्शियम लघवीवाटे जातं (याकडे फारच दुर्लक्ष होतं). अमेरिकेत ३६ हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेणाऱ्यांना मुतखडे जास्त झाले. गर्भवती, हाडं ठिसूळ झालेले किंवा दीर्घकाळ स्टिरॉइड घेणारे यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.