खर्च वाढला, मग रांग का वाढली? अमेरिकेच्या फेडरल बजेटवर वाचकांचे प्रश्न

(उत्तरं वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक ट्रिलियन म्हणजे एक लाख कोटी. आणि अमेरिकेच्या फेडरल सरकारचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होऊन ३० सप्टेंबरला संपतं. म्हणजे 'आर्थिक वर्ष २०२४' हे ऑक्टोबर २०२३ मध्येच सुरू झालं.)

प्रश्न : फेडरल सरकारचा खर्च सतत वाढतोय असं वाचतो. पण तिथे राहणारे नातेवाईक सांगतात, की सोशल सिक्युरिटीच्या कार्यालयात फोन लागता लागत नाही. एवढा पैसा जातो कुठे?

पैसा जातो, पण खिडकीपर्यंत फारच थोडा जातो. आर्थिक वर्ष २०२४ मध्ये फेडरल सरकारने सुमारे पावणेसात लाख कोटी डॉलर खर्च केले. त्यातले शंभर डॉलर घेऊन त्यांची वाटणी पाहू. साधारण साडेएकवीस डॉलर सोशल सिक्युरिटीचं निवृत्तिवेतन, वारस आणि अपंगत्वाचे लाभ यांत गेले. बावीसच्या आसपास मेडिकेअर आणि मेडिकेडमध्ये, म्हणजे ज्येष्ठांच्या आणि कमी उत्पन्न असलेल्यांच्या आरोग्यखर्चात. तेरा डॉलर निव्वळ कर्जाच्या व्याजात, आणि त्याहून किंचित कमी संरक्षणात; त्या वर्षी व्याजाने संरक्षणखर्चाला मागे टाकलं. सोळा-सतरा डॉलर माजी सैनिकांचे लाभ, अन्नसाहाय्य, सरकारी कर्मचाऱ्यांचं निवृत्तिवेतन अशा कायद्याने बांधलेल्या देण्यांमध्ये गेले. उरले चौदा. लोक ज्याला 'सरकारी सेवा' म्हणतात त्यातलं जवळपास सगळं या चौदा डॉलरांत बसतं : राष्ट्रीय उद्यानं, हवामान खातं, अन्न आणि औषधांची तपासणी, संशोधनाचे निधी, न्यायालयं, करखात्याचे कर्मचारी, माजी सैनिकांची रुग्णालयं.

सोशल सिक्युरिटीत एक मेख आहे. लाभार्थीच्या खात्यात जमा होणारी रक्कम 'बंधनकारक' खर्चात मोडते. ती कायद्यातल्या सूत्राने ठरते, महागाईनुसार वाढते, तिच्यासाठी दरवर्षी काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, मतदानाची गरज नसते. मात्र अर्ज तपासणारा, फोन उचलणारा, पत्ता बदलून देणारा कर्मचारी ज्या पैशांतून पोसला जातो, त्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा काँग्रेस दरवर्षी ठरवते. हा प्रशासकीय खर्च लाभांच्या तुलनेत एक टक्क्याच्या आसपास आहे. २०१० मध्ये लाभार्थी सुमारे ५.४ कोटी होते, २०२४ मध्ये ६.८ कोटी झाले. लाभांचा खर्च आपसूक फुगला. कर्मचारी मात्र त्याच काळात हजारांनी घटले. म्हणून एकाच खात्याचा खर्च विक्रमी वाढतो आणि त्याच खात्याचा फोन लागत नाही, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. एकूण खर्चाच्या आकड्यावरून सेवेचा अंदाज बांधणं इथेच फसतं. 'कपात' हा शब्द ऐकला की कपात लाभाच्या रकमेत आहे की खिडकीच्या पैशांत, हे आधी विचारावं. खिडकीवरच्या एक टक्क्यातून दशांश कापला तर देशाच्या हिशेबात तो आकडा दिसतही नाही. रांगेत मात्र तो लगेच जाणवतो.

प्रश्न : एखाद्या कामासाठी अब्जावधी डॉलर 'मंजूर' झाल्याची बातमी येते, पण वर्षानुवर्षं जमिनीवर काही दिसत नाही. हे पैसे मधे कुठे अडकतात?

'मंजूर', 'बांधलेला' आणि 'चुकता केलेला' हे पैशांचे तीन वेगळे टप्पे आहेत. बातमीत बहुधा पहिलाच असतो. काँग्रेस खर्च करण्याचा अधिकार देते, तो पहिला टप्पा. खातं करार किंवा अनुदानपत्र करून स्वतःला देणं लागू करून घेतं, तो दुसरा. काम झाल्यावर सरकारी तिजोरीतून प्रत्यक्ष रक्कम बाहेर पडते, तो तिसरा. पगाराच्या बाबतीत तिन्ही टप्पे एकाच वर्षात उरकतात. युद्धनौका किंवा पूल असेल तर तिसरा टप्पा पाच-सात वर्षं रेंगाळू शकतो. महामार्गांच्या निधीत तर राज्य आधी काम करून बिल लावतं आणि फेडरल वाटा मागाहून परत मिळवतं.

ताजं उदाहरण ब्रॉडबँडचं. नोव्हेंबर २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यात जोडणी नसलेल्या घरांसाठी ४२.४५ अब्ज डॉलरची तरतूद झाली. पण कुठल्या घराला जोडणी नाही, याचा धड नकाशाच नव्हता. नवा नकाशा नोव्हेंबर २०२२ मध्ये आला, त्यावर हरकती घेतल्या गेल्या, राज्यांचे वाटे जून २०२३ मध्ये जाहीर झाले. मग प्रत्येक राज्याचा आराखडा, त्याची छाननी, स्थानिक हरकती आणि शेवटी कंपन्यांची निवड. २०२४ संपेपर्यंत या निधीतून एकाही घराला जोडणी मिळाली नव्हती. पैसे कुणी खाल्ले नव्हते, ते खर्चच झाले नव्हते. एवढ्या पायऱ्या एकामागून एक लावायला नको होत्या, काही समांतर चालवता आल्या असत्या, असं आमचं स्पष्ट मत आहे.

वार्षिक निधीचं दुखणं वेगळं. खात्यांना वर्षाचा पैसा देणारी बारा विनियोजन विधेयकं १ ऑक्टोबरपूर्वी मंजूर व्हायला हवीत. १९७० च्या दशकात सध्याची पद्धत आल्यापासून हे वेळेत जमलं फक्त चार वर्षांसाठी : १९७७, १९८९, १९९५ आणि १९९७. बाकी प्रत्येक वेळी तात्पुरता ठराव करून मागच्या वर्षीच्या दराने गाडा ओढतात. अशा ठरावाखाली नवं काम सहसा सुरू करता येत नाही. अंतिम रक्कम माहीत नसल्याने खातेप्रमुख भरती थांबवतो. खरी मंजुरी मार्चमध्ये आली, तर बारा महिन्यांचा पैसा सहा महिन्यांत संपवायचा, कारण वार्षिक निधीतून ३० सप्टेंबरनंतर नवी देणी बांधता येत नाहीत. मग सप्टेंबरात खरेदीची झुंबड उडते. २००४ ते २००९ या वर्षांतल्या फेडरल करारांच्या अभ्यासात शेवटच्या आठवड्याची खरेदी एरवीच्या सरासरी आठवड्याच्या जवळपास पाचपट निघाली, आणि त्या घाईत घेतलेल्या माहिती-तंत्रज्ञानाच्या कामांचा दर्जा कमी आढळला. वर्षाचा खर्च कागदावर पूर्ण झाला. सेवेला हवी होती माणसं, आल्या वस्तू.

प्रश्न : शटडाऊनमध्ये, म्हणजे निधीला मंजुरी न मिळाल्याने सरकारी कामं थांबतात तेव्हा, टपाल सुरू, पासपोर्ट सुरू, आणि काही कार्यालयांना मात्र कुलूप. हा निवाडा कोण करतं?

मुख्यतः पैशांचा उगम करतो. मंजुरीविना खर्च करायला बंदी घालणारा जुना कायदा आहे, त्याला अपवाद जीवित आणि मालमत्तेच्या रक्षणाचा. त्यामुळे विमानतळावरचे तपासनीस आणि हवाई वाहतूक नियंत्रक कामावर येतात, पण पगार मागाहून मिळतो. टपालखातं आपला चालू खर्च तिकिटांच्या आणि पार्सलच्या उत्पन्नातून भागवतं, म्हणून ते थांबत नाही. पासपोर्टचं काम बरंचसं शुल्कावर चालतं. माजी सैनिकांच्या आरोग्यसेवेचा निधी एक वर्ष आगाऊ मंजूर होतो, म्हणून रुग्णालयं उघडी राहतात.

ज्यांचं कुणी नोकरीसाठी तिकडे जाणार आहे त्यांनी एक गाठ समजून घ्यावी. नागरिकत्व आणि स्थलांतर खात्याचा सुमारे ९६ टक्के पैसा अर्जदारांच्या शुल्कातून येतो, त्यामुळे एच-वन-बी अर्जांचं काम शटडाऊनमध्येही चालू राहतं. पण त्या अर्जाला कामगार खात्याने प्रमाणित केलेला वेतन-अटींचा कागद जोडावा लागतो, आणि कामगार खात्याचं ते काम वार्षिक मंजुरीवर चालतं. २०१३ च्या शटडाऊनमध्ये ते थांबलं, तेव्हा उघड्या खात्यात अर्ज द्यायला लागणारा कागदच बंद खात्यात अडकला. २०१८-१९ च्या ३५ दिवसांच्या शटडाऊनमध्ये कामगार खात्याचा निधी आधीच मंजूर होता, म्हणून ही अडचण आली नाही. २०२५ च्या ४३ दिवसांच्या शटडाऊनमध्ये पुन्हा आली. शटडाऊनची चाहूल लागली की हा कागद मंजूर निधी संपण्याच्या तारखेपूर्वी प्रमाणित होऊन हातात असेल, असा अर्ज करावा. कायद्याने त्यासाठी कामाचे सात दिवस धरलेले आहेत.

शटडाऊनमध्ये पैसा वाचत नाही. २०१९ च्या कायद्याने बिनपगारी घरी बसवलेल्या कर्मचाऱ्यांना मागाहून पूर्ण वेतन देण्याची तरतूद केली. काम होत नाही, पगाराची तरतूद मात्र तेवढीच करावी लागते.

प्रश्न : शाळा आणि रस्ते खराब असतील तर दोष फेडरल सरकारचाच ना?

बहुतेक वेळा नाही. सरकारी शाळांच्या खर्चात फेडरल वाटा एरवी दहा टक्क्यांच्या आत-बाहेर असतो, बाकी राज्य आणि स्थानिक करांतून येतं. आंतरराज्य महामार्गांवर फेडरल वाटा साधारण ९० टक्के, तरी रस्ता राज्याच्या मालकीचा आणि देखभालही राज्याचीच. त्या निधीला पैसे पुरवणारा पेट्रोलवरचा फेडरल कर १९९३ पासून गॅलनमागे १८.४ सेंटवर थांबला आहे. डांबर आणि मजुरी थांबलेली नाही.

मेडिकेडमध्ये मात्र दोघांचे हात एकमेकांत गुंतलेले आहेत. फेडरल वाटा असा काढतात : राज्याच्या दरडोई उत्पन्नाला देशाच्या दरडोई उत्पन्नाने भागायचं, येणाऱ्या संख्येचा वर्ग करायचा, त्याला ०.४५ ने गुणायचं आणि उत्तर १ मधून वजा करायचं. उत्पन्न देशाइतकंच असेल तर ५५ टक्के. राज्य २० टक्क्यांनी गरीब असेल तर ०.८ चा वर्ग ०.६४, त्याला ०.४५ ने गुणून ०.२८८, फेडरल वाटा ७१.२ टक्के. श्रीमंत राज्यालाही किमान ५० टक्के मिळतातच.

आता हेच गणित उलटं करा. या गरीब राज्याला स्वतःचे १०० डॉलर वाचवायचे असतील, तर त्याला सुमारे ३४७ डॉलरची आरोग्यसेवा कापावी लागते, कारण उरलेले २४७ फेडरल सरकारचे होते. श्रीमंत राज्याला तेच १०० वाचवायला २०० डॉलरची सेवा कापून भागतं. मंदीत राज्याचं उत्पन्न आटतं, आणि राज्यांना बहुधा तुटीचं बजेट मांडता येत नाही. म्हणून गरीब राज्यात बचतीचा घाव रुग्णावर जास्त खोल बसतो.

प्रश्न : पैसे वाढवले तर सेवा खरंच सुधारते का? ते ओळखायचं कसं?

सुधारते, पण ज्या गोष्टीचं मोजमाप होतं तीच आधी सुधारते. करखातं, म्हणजे आयआरएस, याचं चांगलं उदाहरण आहे. २०२२ च्या विवरणपत्र हंगामात तिथल्या फोनसेवेची पातळी १५ टक्क्यांच्या आसपास होती. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये आयआरएसला दहा वर्षांसाठी सुमारे ८० अब्ज डॉलर जास्तीचे मंजूर झाले (पुढे त्यातले बरेच काढून घेतले गेले). फोनसाठी सुमारे पाच हजार माणसं भरली आणि २०२३ च्या हंगामात पातळी ८७ टक्क्यांवर गेली. हा बदल खरा होता आणि तो पैशांमुळेच झाला.

पण 'पातळी' मोजण्याचं सूत्र पाहा. त्यात माणसाकडे वळवलेलेच कॉल धरतात. यंत्राने उत्तर देऊन संपवलेले किंवा आधीच तुटलेले कॉल धरत नाहीत. सगळे कॉल धरले तर माणसाने उचललेल्यांचं प्रमाण खूपच कमी निघतं. शिवाय फोनचा आकडा गाठण्यासाठी जी माणसं फोनवर बसवली, तीच एरवी पत्रांना उत्तरं देत होती. कॉल नसताना ती रिकामी बसली आणि कागद साठत गेले. ज्यांच्या नावाने दुसऱ्याच कुणी खोटं विवरणपत्र भरलं, अशा लोकांची प्रकरणं मिटायला २०२४ मध्येही सरासरी २२ महिन्यांच्या आसपास लागत होते. हे लोक हक्काच्या परताव्यासाठी पावणेदोन वर्षं थांबले, आणि फोनच्या आकड्यात ते कुठेच नाहीत. आम्हाला हे फार गंभीर वाटतं.

प्रश्न : उधळपट्टी थांबवली तर सेवांना पैसा पुरेल ना?

थोडा पुरेल. लेखापरीक्षण कार्यालयाच्या अंदाजाने २०२४ मध्ये १६२ अब्ज डॉलरची 'अयोग्य देणी' झाली. पण यात लबाडीबरोबर चुकीची रक्कम आणि अपुरी कागदपत्रंही येतात, त्यामुळे हा सगळा पैसा परत मिळण्यासारखा नसतो. आणि तो रोखायचा तर अर्ज तपासणारी माणसं लागतात, म्हणजे पुन्हा तेच चौदा डॉलर.

प्रश्न : एखाद्या खात्याचा खर्च स्वतः तपासायचा असेल तर सुरुवात कुठून करू?

यूएसए-स्पेंडिंग नावाच्या सरकारी संकेतस्थळावरून. खातं निवडा, आर्थिक वर्ष निवडा. एकूण आकड्यावर थांबू नका, खात्याच्या आतल्या निधी-लेख्यांची यादी उघडा. तिथे प्रशासनाचा लेखा आणि लाभांचा लेखा वेगळे दिसतात. मग खर्चाच्या प्रकारानुसार वाटणी पाहा : वेतन, कंत्राटी सेवा, अनुदानं, व्याज. 'बांधलेली' आणि 'चुकती' रक्कम शेजारी-शेजारी लिहा. निदान पाच वर्षांचे आकडे घ्या, महागाई वजा करा, आणि आलेल्या रकमेला देशाच्या लोकसंख्येने न भागता त्या सेवेच्या वापरकर्त्यांच्या संख्येने भागा. २०२० आणि २०२१ ही कोविडची वर्षं आहेत. त्यांच्यापासून तुलना सुरू केली तर पुढचं प्रत्येक वर्ष कपातीचंच वाटेल, म्हणून आधारवर्ष २०१९ किंवा त्याआधीचं धरा.