वर्णमालेच्या कीबोर्डवर बोट ओढून लिहिताना मराठी शब्द का चुकतात?

प्रश्न थोडक्यात असा: व्यंजनं वर्गांच्या क्रमाने मांडली आहेत, बोट न उचलता शब्द ओढायचा आहे, पण 'धार' ओढली की 'दार' येतं आणि शब्दसंग्रह वाढवला की चुकाही वाढतात.

अल्गोरिदमला हात लावण्याआधी मांडणी बघा. वर्णमालेत द-ध, प-फ, ग-घ शेजारी बसतात. त्यामुळे दार-धार, पार-फार, गोडा-घोडा यांच्या रेघा जवळजवळ सारख्याच निघतात, फक्त सुरुवात एका बटणाने सरकते. झाई आणि क्रिस्टनसन यांच्या 2004 च्या शार्क-2 या रेघेवरून शब्द ओळखण्याच्या पद्धतीत रेघ आकार आणि जागा अशा दोन अंगांनी ताडून पाहतात. इथे आकाराचा उपयोग जवळपास शून्य, सगळा भार जागेवर. फोनच्या 360 डीपी (अँड्रॉइडचं पडद्यावरच्या अंतराचं एकक, इंचाला 160) रुंदीत दहा बटणं बसवली की एक बटण 36 डीपीचं, म्हणजे पावणेसहा मिलिमीटरच्या आत. अंगठ्याने तेवढी अचूकता मिळत नाही. शब्दसंग्रह वाढवला की अशा जोड्या वाढतात, म्हणून चुकाही वाढतात.

मात्रांचं दुखणं वेगळंच. त्यांना स्वतंत्र बटणं दिली तर प्रत्येक अक्षराला बोट मात्रेपर्यंत जाऊन परत येतं. मात्रा गाळल्या तर केला, केली, केले यांची रेघ एकच होते. 'काका'ला तर रेघच उरत नाही.

म्हणून माझं ठाम मत: देवनागरीत पाया अक्षरागणिक झटक्याचा ठेवा, म्हणजे एका अक्षरासाठी बोट टेकून थोडंसं सरकवायचं आणि उचलायचं. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागाचा 'स्वरचक्र' कीबोर्ड याच वाटेने जातो: व्यंजनावर बोट टेकलं की भोवती बाराखडीतली रूपं उघडतात, हवं त्या रूपाच्या दिशेला सरकवून बोट उचलायचं. स्वतः बांधताना आठच्या वर दिशा देऊ नका. तिरक्या दिशा जास्त चुकतात, म्हणून ा, ी, े, ि यांना वर-खाली-डावी-उजवी द्या. अँड्रॉइडचा नेहमीचा टचस्लॉप, म्हणजे बोट इतकं सरकेपर्यंत तो साधा टॅपच मानायचं अंतर, 8 डीपी आहे. झटक्यासाठी 16 डीपीपासून सुरुवात करा, नाहीतर साध्या टॅपलाही मात्रा चिकटते. दिशेचा कोन बोट टेकल्याच्या जागेपासून उचलल्याच्या जागेपर्यंतचा धरा. कडेच्या बटणांवर बाहेरच्या बाजूला मात्रा ठेवू नका, बोट काचेबाहेर जातं. अगदी कडेवरून आत सरकवणं अँड्रॉइड 10 पासूनच्या जेश्चर नेव्हिगेशनमध्ये 'मागे जा' ठरतं, तेही सांभाळा.

तरीही अख्ख्या शब्दाची रेघ हवीच असेल तर आधी महाप्राण व्यंजनं (ध, फ, घ) अल्पप्राणांपासून (द, प, ग) किमान दोन बटणं लांब न्या. मग रेघेचे समान अंतरावर 64 ते 100 बिंदू घ्या, सुरुवात आणि शेवट जुळत नसलेले शब्द लगेच गाळा, आणि उरलेल्यांची तुलना करताना टोकांच्या बिंदूंना मधल्यांपेक्षा जास्त वजन द्या. वेगात ओढल्यावर कोपरे कापले जात असतील तर कोड तपासा. मोशनइव्हेंट, म्हणजे अँड्रॉइड स्पर्शाची माहिती ज्यातून देतं ती वस्तू, अनेक बिंदू एकत्र पाठवतो. गेटहिस्टॉरिकलएक्स आणि वाय न वाचता फक्त शेवटचा बिंदू घेतला की मधले हरवतात.

शब्दांची सपाट यादी मराठीला पुरत नाही. घरात, घरातून, घराच्या, घरापासून अशी रूपं मूळ शब्द, सामान्यरूप आणि प्रत्यय यांतून तयार करा, वारंवारता मात्र पूर्ण रूपाची मोजा.

यादी भरण्याआधी युनिकोड एकसारखा करणं अत्यंत गरजेचं आहे. 'दऱ्या'मधला ऱ कुठे एका कोडचा, कुठे र आणि नुक्ता (खालचा टिंब) असा, तर कुठे र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं अदृश्य चिन्ह) असा सापडतो. एनएफसीने, म्हणजे युनिकोडच्या एकसारखं करण्याच्या प्रमाणित रूपाने, पहिले दोन एक होतात, तिसऱ्यासाठी स्वतःचा नियम लिहावा लागतो. तो लिहिताना 'दर्या' वेगळा शब्द राहील याची चाचणी ठेवा. 'ॲ' आणि 'अ' अधिक 'ॅ' हेही एनएफसीने जुळत नाहीत.

वेग मोजताना एकक आधी ठरवा. 'क्षि' हे एक अक्षर, पण कोडबिंदू (युनिकोडमधले क्रमांक) चार. बॅकस्पेसचंही तसंच: झटक्याने लिहिलेल्या अक्षरावर पहिल्या दाबाला फक्त मात्रा जावी, ओढलेल्या शब्दावर अख्खा शब्द.