पत्रकातला तो एक शब्द

प्रिय मुली,

स्कूल बोर्डाच्या निवडणुकीसाठी तू लिहिलेलं पत्रक दोनदा वाचलं. आकडे जपून तपासलेस, फार बरं वाटलं. पण दुसऱ्या परिच्छेदात समोरच्या उमेदवाराला ‘वीअर्ड’, म्हणजे विचित्र, म्हटलंयस आणि खाली मला विचारलंयस, ‘मावशी, हे ठेवू ना? मलाही शाळेत हेच म्हणायचे, म्हणून हात अडखळतोय.’ अडखळला ते चांगलंच झालं.

शब्द कुठून आला ते मला ठाऊक आहे. २०२४च्या जुलैत बायडेन यांनी अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीतून माघार घेतली आणि दोनच दिवसांनी मिनेसोटाचे गव्हर्नर टिम वॉल्झ टीव्हीवर म्हणाले, ही रिपब्लिकन नेतेमंडळी विचित्र आहेत. ६ ऑगस्टला ते कमला हॅरिस यांच्या जोडीला उपाध्यक्षपदाचे उमेदवार झाले. ट्रम्प म्हणजे ‘लोकशाहीला धोका’ हे ऐकून ऐकून आमचे कान किटले होते. धोकादायक म्हटलं की माणूस उलट मोठा वाटतो, विचित्र म्हटलं की त्याची हवाच निघते. ट्रम्प तर म्हणाले, मला आजवर कुणी विचित्र म्हटलेलं नाही, विचित्र तेच आहेत. शब्द झोंबला होता. मीही टाळ्या पिटल्या.

त्याच उन्हाळ्यात माझ्या घरी मतदारांना पोस्टकार्डं लिहायला दहा-बारा जण जमायचे. एकदा मी मोठ्यानं बोलून गेले, ‘अगं, त्या माणसाचं बोलणं, ते डोळे, माणूसच विचित्र!’ टेबलाच्या टोकाला सतरा वर्षांचा एक मुलगा होता. त्याची मान मधूनमधून आपोआप झटका खाते. त्यानं पेनाला टोपण लावलं, लिहिलेली कार्डं एकावर एक नीट रचली आणि ‘आई न्यायला आलीये’ म्हणून उठला. आई आली तासाभरानं. तेवढा वेळ तो बाहेर पायरीवर बसून होता, हे मला नंतर कळलं. पुन्हा कधी आला नाही. मी माफीचं पत्र पाठवलं, उत्तर आलं नाही. ते यावं असा हट्ट मी कोणत्या तोंडानं धरू?

वॉल्झ यांचा रोख नेत्यांवर होता, मतदारांवर नाही, हे त्यांनी स्वतः सांगितलं होतं. १९९९मध्ये मॅनकेटोच्या शाळेत समलिंगी मुलांच्या गटाचा सल्लागार झालेला हा शिक्षक. तशा मुलांना दुखवायचं त्यांच्या मनातही नसणार. पण नेम नेत्यावर धरला तरी हा शब्द पायरीवरच्या मुलाला लागतो, कारण तो त्यानं आधीच शंभरदा ऐकलेला असतो.

आपण होऊन उचललेला शब्द वेगळा. ट्रम्प यांच्या जोडीचे उमेदवार व्हान्स २०२१मध्ये मूल नसलेल्या, मांजरं पाळणाऱ्या बायकांबद्दल नको ते बोलले होते. गायिका टेलर स्विफ्टनं हॅरिस यांना पाठिंबा देताना तेच बिरुद स्वतःच्या सहीला जोडलं. समलिंगी लोकांना हिणवायला वापरल्या जाणाऱ्या ‘क्वीअर’चा जुना अर्थही विचित्र असाच. १९९०मध्ये न्यूयॉर्कच्या ‘क्वीअर नेशन’नं तो शब्द थेट संघटनेच्या नावातच घेतला. तूही स्वतःला खुशाल वीअर्ड म्हणव. आठवीत तू बसचं अख्खं वेळापत्रक घडाघडा म्हणायचीस आणि मुली तोंडावर हात ठेवून हसायच्या. या वर्षी बदललेल्या बसमार्गांतली चूक तुझ्याशिवाय कुणाला दिसली? (आणि संस्कृतात विचित्र म्हणजे रंगीबेरंगी, हे त्या मुलींना कुणीतरी सांगायला हवं होतं.) पण जे नाव तू अभिमानानं लावतेस तेच दुसऱ्याला शिवी म्हणून द्यायचं, हे मला पटत नाही. तसं केलंस तर ‘नॉर्मल’ कोण हे ठरवणाऱ्यांच्या रांगेत तू जाऊन बसतेस, आणि त्या रांगेनं तुला काय दिलं ते तुला माहीत आहे.

तो माणूस कसा आहे ते सोड, त्यानं काय केलं ते लिही. कोणत्या बैठकांना आला नाही, त्यांच्या तारखा. बसमार्ग कापायला दिलेलं मत. त्या मतामुळे जानेवारीच्या बर्फात किती मुलांना चालत जावं लागलं, तो आकडा तर तूच काढलायस आणि चौथ्या परिच्छेदात लपवून ठेवलायस! तो वर आण. तुमच्या गटातली मंडळी म्हणतील, हे मिळमिळीत वाटतं. त्यांना माझं नाव सांग, मी बोलेन त्यांच्याशी.

गुरुवारपर्यंत नवा मसुदा पाठव. शनिवारी दारोदार फिरायला गाडी मी काढते. पायात जाड मोजे घाल.

तुझी,
मावशी