हॉकीतली सद्दी आणि तिसरी फळी

प्रश्न : कॅनडात आल्यापासून मॉन्ट्रियलच्या सलग पाच स्टॅनली कपांबद्दल ऐकतोय. तसं पुन्हा घडेल का? (मिसिसॉगाहून एक वाचक)

सलग पाच? मला ते अशक्य वाटतं. मॉन्ट्रियल कॅनेडियन्सनी १९५६ ते १९६० हा पराक्रम केला तेव्हा एनएचएलमध्ये, म्हणजे ज्या आइस हॉकी लीगच्या विजेत्याला स्टॅनली कप मिळतो तिच्यात, सहाच संघ होते. दोन मालिका जिंकल्या की कप हातात. आज ३२ संघ आहेत आणि कपासाठी चार मालिका, म्हणजे १६ सामने जिंकावे लागतात. म्हणूनच न्यूयॉर्क आयलंडर्स मला जास्त थोर वाटतात. २१ संघांच्या लीगमध्ये १९८० ते १९८३ सलग चार कप, आणि १९८४ च्या अंतिम फेरीत हरेपर्यंत सलग १९ मालिका जिंकलेल्या! त्यांचं नाव इतकं कमी घेतलं जातं याचं मला वाईट वाटतं.

प्रश्न : पगारमर्यादेमुळे संघ टिकत नाहीत, हे खरं का?

खरं आहे, पण लोक समजतात तसं नाही. २००४-०५ चा अख्खा हंगाम मालक आणि खेळाडूंच्या वादातल्या टाळेबंदीत गेला आणि त्यानंतर ही मर्यादा आली. आयपीएल लिलावात प्रत्येक संघाची थैली ठरलेली असते, तशीच. त्यामुळे मोठे खेळाडू जातात असा समज आहे. ते बहुधा राहतात. जाते ती तिसरी फळी, म्हणजे मुख्य खेळाडूंना विश्रांती देत आलटूनपालटून बर्फावर उतरणारी त्यांच्यामागची तुकडी. टँपा बे लायटनिंगने २०२० आणि २०२१ चे कप जिंकले. दुसऱ्या कपानंतर त्याच उन्हाळ्यात गूर्ड सिअ‍ॅटलला, कोलमन कॅल्गरीला, गुड्रो न्यूयॉर्क रेंजर्सला. प्रतिस्पर्ध्यांच्या बलाढ्य फळीला जखडून ठेवणारे हे तिघे एका झटक्यात गेले. कुचेरोव्ह, पॉइंट, हेडमन, व्हॅसिलेव्हस्की राहिले, संघ २०२२ मध्येही अंतिम फेरीत पोचला, पण कोलोरॅडोने हरवलं. शिकागोनेही २०१० च्या विजयानंतर बफलिन, लॅड असे मोहरे सोडले. टेव्ज, केन, कीथ राखले आणि भोवतीची माणसं नव्याने जमवत २०१३ आणि २०१५ चे कप घेतले. आजची सद्दी ही अशी असते : मधे खंड पडणारी.

प्रश्न : मग फ्लोरिडा पँथर्सना त्या पंक्तीत बसवाल?

सलग तीन अंतिम फेऱ्या आणि २०२४, २०२५ चे दोन कप. सद्दी म्हणायला माझा निकष तीन कपांचा, म्हणजे एक कमी. मात्र २०२५ च्या उन्हाळ्यात बेनेट, एकब्लाड आणि मार्शांड हे तिघेही त्यांनी राखले, हे फार क्वचित जमतं. मर्यादा वाढत होती, शिवाय फ्लोरिडात राज्याचा प्राप्तिकर नाही, म्हणजे तेवढ्याच पगारात खेळाडूच्या हाती जास्त उरतं.

प्रश्न : मर्यादा काढून टाकली तर जुने दिवस परत येतील?

नाही वाटत. मर्यादा नसतानाही मोठे खेळाडू जातच. एडमंटन ऑयलर्सनी ऑगस्ट १९८८ मध्ये वेन ग्रेट्स्कीला लॉस एंजेलिसला दिलं, तेव्हा कसलीही मर्यादा नव्हती. त्या व्यवहारात दीड कोटी डॉलर रोख मिळाले होते. त्याच्याविनाही मार्क मेसिएच्या नेतृत्वाखाली एडमंटनने १९९० चा कप जिंकला.