डोक्याला गंभीर मार लागलेला भाऊ घरी आला आहे. चालतो, बोलतो, पण स्वभाव पार बदलला आहे. तो पूर्वीसारखा किती दिवसांत होईल आणि घरच्यांनी काय करावे?

आपण लिहिले आहे की, भाऊ क्षुल्लक कारणावरून चिडतो, हाती घेतलेले काम अर्धवट टाकून झोपून राहतो आणि नातेवाईक मात्र "आता तो बरा झाला आहे, तुम्हीच त्याला लाडावून ठेवले आहे" असे म्हणतात. हे वाक्य आमच्या घरातही बोलले गेले आहे आणि ते बोलणाऱ्या माणसाशी माझा वाद अजून मिटलेला नाही, म्हणून हे उत्तर लिहीत आहे. चालतो-बोलतो म्हणजे बरा झाला, या समजुतीमुळे घरी आलेल्या रुग्णाचे जेवढे नुकसान होते, तेवढे औषध चुकल्यानेही क्वचितच होत असेल, असे माझे ठाम मत आहे.

आम्ही बेळगावजवळच्या येळ्ळूरचे. माझा धाकटा भाऊ उद्यमबागेतील एका वर्कशॉपमध्ये टर्नर, म्हणजे लेथवर धातूचे भाग घडवणारा कामगार होता आणि पुढे सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर काम करू लागला होता. दुसरी पाळी संपवून एका सहकाऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून येताना अपघात झाला. कर्नाटकात 2016 पासून मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचे आहे. त्या रात्री हेल्मेट फक्त चालवणाऱ्याच्या डोक्यावर होते. मेंदूची सूज वाढत गेल्याने डॉक्टरांना कवटीच्या एका बाजूचे हाड काढावे लागले आणि ते पुढे पुन्हा बसवता यावे म्हणून त्याच्याच पोटाच्या त्वचेखाली ठेवण्यात आले. व्हेंटिलेटर, गळ्याला छिद्र, नाकातून अन्नाची नळी हे सारे आपणही पाहिले असेल, त्यामुळे त्याचे वर्णन करीत नाही. त्या काळात आमचे घर एकदिलाने उभे राहिले. माझे थोरले काका, ज्यांना आम्ही तात्या म्हणतो, आयसीयूच्या बाहेर बाकावर झोपले आणि पैसे कमी पडले तेव्हा त्यांनी भाताची पोती विकली. हे उपकार मी कधीही नाकारणार नाही. फूट पडली ती तो घरी आल्यावर, स्वतःच्या पायांनी उंबरा ओलांडून आत आल्यावर.

अशा अपघातात डोके जोरात झटकले जाते तेव्हा मेंदूचा पुढचा आणि कानशिलाजवळचा भाग कवटीच्या आतील खडबडीत, कंगोरेदार हाडावर घासला जातो. संयम, क्रमाने काम करणे, पुढचा विचार करणे आणि स्वतःहून एखादी गोष्ट सुरू करणे ही कामे प्रामुख्याने कपाळामागच्या भागाकडे असतात. शिवाय डोक्याला पीळ बसल्यामुळे मेंदूतील बारीक तंतू जागोजागी ताणले जातात किंवा तुटतात आणि ही इजा सीटी स्कॅनमध्ये अनेकदा दिसतच नाही. म्हणून "स्कॅन नॉर्मल आला" हे कोणी छातीठोकपणे सांगितले, तरी त्याचा अर्थ रक्तस्राव किंवा सूज उरलेली नाही एवढाच असू शकतो. हातपाय चालवणारा भाग वाचलेला असेल, तर माणूस बाहेरून धडधाकट दिसतो. आपल्या भावाचे चिडणे आणि झोपून राहणे हा त्याच दुखापतीचा भाग असण्याची शक्यता फार मोठी आहे. पुष्कळदा रुग्णाला स्वतःतील हा बदल जाणवतही नाही, कारण स्वतःकडे पाहण्याची क्षमताही त्याच दुखापतीत सापडलेली असते, त्यामुळे "तुला कळत कसे नाही?" असे त्याला विचारत राहण्यात काहीच अर्थ नाही.

आमच्याकडे हे लक्षात आले ते एका दुपारी. भावाचा मित्र भेटायला येताना खिशात व्हर्निअर, म्हणजे बारीक माप घेण्याची जबड्यांची पट्टी, आणि वर्कशॉपमधला एक लहानसा जॉब, म्हणजे घडवलेला धातूचा भाग, घेऊन आला होता. भावाने व्हर्निअर हातात घेतला, जबडे जॉबवर अलगद टेकवले, अंगठ्याने स्क्रू आवळला, पट्टी उजेडाकडे तिरकी धरली आणि 48.06 हे माप अचूक सांगितले. आईच्या डोळ्यांत पाणी आले आणि तात्या म्हणाले, "पाहा, याला काहीही झालेले नाही." त्याच आनंदात आईने त्याला सर्वांसाठी चहा ठेवायला सांगितले. त्याने भांड्यात पाणी मोजून घेतले, साखर आणि चहापूड टाकली, भांडे शेगडीवर ठेवले आणि गॅस न पेटवताच तो उकळी येण्याची वाट पाहत उभा राहिला. बराच वेळ झाला तेव्हा मी आत गेले, तर तो भांड्याकडे एकटक पाहत होता. मी काही बोलण्याच्या आतच त्याने भांडे मोरीत भिरकावले. वर्षानुवर्षे हाताखालून गेलेले कसब शाबूत होते, पण एकामागून एक पायऱ्या मनात धरून ठेवण्याची ताकद गेली होती. तात्यांनी यातली पहिली अर्धी दुपार पाहिली आणि तीच कायमची धरून ठेवली.

पुढे आम्ही त्याला बेंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू व मनोविकारांच्या सरकारी रुग्णालयात नेले. राणी चन्नम्मा एक्सप्रेसने रात्रभराचा प्रवास असतो आणि रुग्णासह तो सोपा नाही, तरी तेथे न्यूरॉलॉजिकल रिहॅबिलिटेशनचा, म्हणजे मेंदूच्या रुग्णांच्या पुनर्वसनाचा स्वतंत्र विभाग आहे आणि गंभीर दुखापत असेल तर एकदा तरी जावेच, असे मी म्हणेन. रोजची कामे पुन्हा शिकवणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्टने सांगितल्याप्रमाणे आम्ही ओट्यासमोरच्या भिंतीवर चहाच्या पायऱ्या मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवल्या आणि त्या जमू लागतील तशी एकेक ओळ झाकत गेलो. कपडे घालणे, दुकानातून वस्तू आणणे, औषधे घेणे या प्रत्येक कामाचे असेच केले. तात्यांना हा पोरखेळ वाटत असे. येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर ते तो कागद दाखवून, या बायकांनी चांगल्या तरण्याताठ्या पोराचे लहान मूल करून टाकले आहे, असे म्हणत.

आणि मग त्यांनी लग्नाचा विषय काढला. आपल्याकडेही आज ना उद्या हा विषय निघेल, म्हणून आताच सावध करते. "जबाबदारी अंगावर पडली की आपोआप ताळ्यावर येईल", हे वाक्य आपल्या समाजात व्यसनी मुलापासून आजारी मुलापर्यंत सर्वांसाठी वापरले जाते. तात्यांनी चंदगड तालुक्यातील एक स्थळ आणले. केस वाढून टाक्यांची खूण झाकली गेली होती, त्यामुळे पाय मोडला होता एवढेच सांगायचे, असे ठरले. भावाला विचारले तर तो "बरं" म्हणाला. त्या काळात तो कोणत्याही गोष्टीला "बरं"च म्हणत असे आणि एका ओळखीच्या माणसाने त्याच्या त्याच होकारावर, त्याच्या नावाने हप्त्यावर मोबाइलही उचलला होता. मी घरात स्पष्ट सांगितले की, मुलीकडच्यांना सगळे सांगा, नाहीतर मी सांगेन. कोणी सांगितले नाही. तेव्हा भावाला जवळ बसवून त्याचा डिस्चार्ज समरीचा कागद मी ओळीओळीने मराठीत समजावून सांगितला, मध्ये त्याला विश्रांती दिली आणि हे मुलीच्या घरी सांगू का, असे विचारले. तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "सांग अक्का. नंतर कळलं तर ती रडेल." आई आणि मी दोघी जाऊन मुलीच्या वडिलांना भेटलो आणि त्यांच्यासमोर कागद ठेवले. लग्न मोडले. तात्यांनी त्यानंतर माझ्या घराची पायरी चढलेली नाही.

माझे आजही हेच म्हणणे आहे की, ज्या घराला मुलाची शुश्रूषा करण्याचा कंटाळा आला आहे, ते घर सुनेच्या नावाखाली फुकटची आया शोधत असते. मेंदूच्या दुखापतीवर लग्न हे औषध नाही. नवे माणूस, नवे नाते, घरातील वर्दळ आणि पैशांची ओढाताण यांनी अशा रुग्णाचा ताण वाढतो आणि तो निघतो त्या मुलीवर. हिंदू विवाह कायदा, 1955 च्या कलम 12 नुसार महत्त्वाची वस्तुस्थिती लपवून मिळवलेल्या संमतीचा विवाह न्यायालयात रद्द ठरवून घेता येतो, हे अशा वडीलधाऱ्यांना सांगून ठेवावे. दुखापत झालेल्या माणसाने कधीच लग्न करू नये, असे मात्र मी म्हणत नाही. सुधारणा स्थिरावल्यावर, त्याची स्वतःची इच्छा असेल आणि समोरच्या व्यक्तीला सर्व ठाऊक असेल, तर तो त्याचा अधिकार आहे.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येते. किती दिवस लागतील, हे कोणीही प्रामाणिकपणे सांगू शकत नाही. साधारणपणे पहिल्या सहा महिन्यांत सुधारणा सर्वांत वेगाने होते, त्यानंतर दोन वर्षांपर्यंत ती हळूहळू चालू राहते आणि त्यापुढेही लहान लहान बदल होत राहतात. दाखल करतानाचा जीसीएस (ग्लासगो कोमा स्केल), म्हणजे रुग्ण किती शुद्धीवर होता हे सांगणारा आकडा डिस्चार्जच्या कागदावर असतो. तो 3 ते 15 च्या दरम्यान असतो आणि 8 किंवा त्याहून कमी असल्यास दुखापत गंभीर मानतात. शुद्धीवर आल्यानंतर रोजच्या घटना सलग आठवू लागायला किती काळ लागला, हेही डॉक्टरांना अवश्य सांगावे, कारण तो काळ जितका लांब, तितकी पुढची वाटचाल सहसा अवघड असते. वयाचाही फरक पडतो. "पूर्वीसारखा" या मापाने मोजणे मात्र आजपासून सोडून द्यावे. माझा भाऊ पूर्वीसारखा झालेला नाही. अपघातानंतर त्याला फिट आली होती, त्यामुळे मशीनवर उभे राहणे बंद झाले. परंतु वर्कशॉपच्या मालकांनी त्याला तपासणी विभागात अर्धा दिवस बसून मापे घेण्याचे काम दिले आहे आणि ते तो उत्तम करतो.

घरी एका वेळी एकच माणूस बोलेल आणि एकच सूचना देईल, एवढा नियम केला तरी अर्ध्याहून अधिक भांडणे टळतात. आमच्याकडे गणपतीत पाहुणे, आरती आणि बाहेरचा डीजे एकत्र आले की त्याचा तोल जात असे; आता त्या दिवसांत त्याला मागच्या खोलीत शांतपणे बसण्याची मुभा असते आणि पाहुण्यांना काय वाटेल याचा विचार आम्ही करत नाही. तो चिडला असताना समजूत घालू नये, थोडे दूर व्हावे आणि नंतर त्यावरून टोमणे मारू नयेत. थकवा येण्यापूर्वीच विश्रांती द्यावी. सीमाभागात स्पीच थेरपिस्ट बहुधा कानडी बोलणारे भेटतात. त्यांच्याकडून व्यायाम नीट समजून घ्यावेत आणि घरी ते मराठीतच करून घ्यावेत. रात्रीची, दुपारची आणि दवाखान्याची पाळी घरातील पुरुषांनीही वाटून घ्यावी. आमच्या आईवर ती एकटीवर पडली होती आणि लाडावल्याचा आरोपही तिच्यावरच झाला.

दुसऱ्या वाहनाच्या चुकीने अपघात झाला असेल, तर नुकसानभरपाईच्या दाव्याला मोटार वाहन कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत घातली आहे, हे ध्यानात ठेवावे. पोलिसांचे कागद कानडीत असतात. सही करण्यापूर्वी ते जाणकाराकडून वाचून घ्यावेत. दाव्यातही समोरचे वकील "चालतो-बोलतो" हेच म्हणतात, म्हणून स्मरणशक्ती, लक्ष आणि निर्णयक्षमता यांची न्यूरोसायकॉलॉजिकल तपासणी करून तिचा अहवाल जोडावा.

हे सारे मी एका घराच्या अनुभवावरून लिहिले आहे. आपल्या भावाची दुखापत वेगळ्या भागाला झाली असेल तर चित्र वेगळे असेल, आणि चिडचिडीमागे काही वेळा नैराश्य किंवा फिटच्या एखाद्या गोळीचा परिणामही असतो, त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतीही गोळी सुरू किंवा बंद करू नये. दारू पूर्ण वर्ज्य करावी. डॉक्टर परवानगी देईपर्यंत त्याला गाडी चालवू देऊ नये आणि विहिरीवर किंवा तळ्यावर एकटे पाठवू नये. सुधारत असलेला माणूस अचानक जास्त झोपू लागला, डोकेदुखी वाढली, उलट्या होऊ लागल्या, चालताना झोक जाऊ लागला किंवा लघवीवरचे नियंत्रण गेले, तर त्याला आळस समजू नये. अपघातानंतर आठवड्यांनी किंवा महिन्यांनीही मेंदूभोवती रक्त किंवा आत पाणी साचू शकते, आणि अशा वेळी घरातील कोणाचीही संमती न घेता त्याच दिवशी न्यूरोसर्जनकडे न्यावे.