बागेचं गाऱ्हाणं : ब्रॅम्बलच्या खाली काय आहे?

प्रश्न : ताई, सप्टेंबरात आम्ही इंग्लंडमधल्या रेडिंगमध्ये १९३०च्या दशकातलं घर घेतलं. घर बरीच वर्षं बंद होतं. मागच्या अंगणात कमरेएवढी ब्रॅम्बल (रानटी ब्लॅकबेरीची काटेरी झुडपं) माजली आहे, कुंपणावर आयव्हीची वेल. माती चिकण. नवरा म्हणतो, माणूस लावून सगळं एकदम साफ करून टाकू. मला गुलाब, लॅव्हेंडर, फॉक्सग्लव्हची इंग्लिश बाग हवी आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर : यजमानांना म्हणावं, जरा दम धरा. आम्हीही घर घेतलं तेव्हा असाच माणूस बोलावला होता. मार्चमध्ये. दोन दिवसांत अंगण तळहातासारखं लख्ख! मे महिन्यात शेजारच्या आजींनी कुंपणावरून विचारलं, "यंदा पिओनी नाही फुलल्या?" मातीतून वर आलेले ते लालसर कोंब मीच तण समजून पोत्यात भरले होते. नवीन लावलेल्या पिओनीने धड फुलायला तीन वर्षं घेतली.

ब्रॅम्बल मात्र आत्ताच काढा. मार्च ते ऑगस्ट पाखरांची घरटी असतात आणि वापरातलं घरटं मुद्दाम मोडणं इथे १९८१च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. आधी फूटभर बुंधा ठेवून छाटा, मग काटेफावड्याने गड्डा उपटा. शेंडा जमिनीला टेकला की तिथेही मुळं धरतो, तेही बघा. खणताना शेवयांसारखी पांढरी, कटकन तुटणारी मुळं दिसली तर तो बाइंडवीड, वेलीसारखं चिवट तण. तुकडा राहिला की पुन्हा उगवतो. बांबूसारखे पोकळ, लाल ठिपक्यांचे दांडे दिसले तर हात लावू नका. तो जपानी नॉटवीड, म्हणजे झपाट्याने पसरणारं तण, असू शकतो, जाणकाराला बोलवा.

बाकी सगळं पुढच्या जूनपर्यंत नुसतं बघा. फेब्रुवारीत स्नोड्रॉप, मग डॅफोडिल, जे वर येईल त्याशेजारी काठी खोचून ठेवा. फॉक्सग्लव्हला पहिल्या वर्षी नुसता मऊ, लवदार पानांचा झुबका येतो, फूल दुसऱ्या वर्षी. ती पानं भाजीची वाटतात, पण अख्खं झाड विषारी आहे. सासूबाई येणार असतील तर आधीच सांगून ठेवा!

गुलाबाला चिकणमाती मानवते. नोव्हेंबर ते मार्च मातीशिवायची, उघड्या मुळांची कलमं मिळतात, ती स्वस्त पडतात. जुना गुलाब काढलेल्या जागी मात्र नवा लावू नका, तो नीट धरत नाही. लॅव्हेंडर तुमच्या मातीत हिवाळ्यात कुजेल, त्याला भरड वाळू घालून कुंडीत ठेवा.

वाफा किमान पाच-सहा फूट रुंद हवा. कुंपणालगत दोन फुटांची पट्टी आखून लोक फसतात. सरे परगण्यातल्या मन्स्टेड वुडच्या प्रसिद्ध बागरचनाकार गर्ट्रूड जीकल (१८४३–१९३२) एकेका फुलझाडाचे लांबट, तिरपे पट्टे एकमेकांत सरकवत लावत. आपण रोपवाटिकेतून एकेक आणतो आणि शाळेच्या रांगेसारखी उभी करतो. तुम्ही एका जातीची पाच-सात तरी एकत्र लावा. उंच तुऱ्यांच्या डेल्फिनियमचा मोह पहिल्या वर्षी टाळा. गोगलगाई रात्रीत फडशा पाडतात.

आयव्ही राहू द्या थोडी, आत्ता तिच्या फुलांवर मधमाश्या असतील. आणि शेजारी कुणी जुनं माणूस असेल तर याच आठवड्यात चहाला बोलवा. तुमच्या अंगणात कुठे काय होतं, ते त्यांना पाठ असेल.